२० हजारांत पहिली इलेक्ट्रिक गिटार: खान्देशात राहून नीट कशी निवडायची

दिवाळी झाली, कापसाचे पैसे हातात आले, की डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे नव्या गिटारी यायला लागतात. शिकायला नव्हे, तक्रार घेऊन. "भो, हिच्यातून आवाजच येत नाही." कुणाची गिटार चांगली असते, पण ऍम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, पैसे उरलेले नसतात. कुणी इलेक्ट्रिक म्हणून भलतीच घेऊन आलेला असतो. कुणाच्या तारा इतक्या वर असतात की बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) तारेखालून पेन्सिल जाईल. पोरगं म्हणतं, बोटं दुखतात, मला जमणार नाही. जमत नाही ती गिटार, पोरगं नव्हे.

घोटाळा बहुतेक वेळा क्रमाचा असतो. आधी रंग ठरतो, मग गिटार, मग "अरे, ऍम्प पण लागतो का?" खालचा क्रम त्याच्या उलट आहे.

## १. आधी पैसे वाटून घ्या

समजा हातात २० हजार आहेत. ते सगळे गिटारीचे नाहीत. माझा ठोकताळा असा:

- गिटार: १२ ते १३ हजार
- छोटा ऍम्प किंवा हेडफोन ऍम्प: ३ ते ४ हजार
- केबल, पट्टा, पिक (तारा छेडायची चकती), क्लिपवाला ट्यूनर (सूर दाखवणारा), पिशवी: २ हजारांच्या आसपास
- सेटअप (मान, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं) आणि तारांचा एक जादा संच: दीड हजार

भाव वरखाली होतात, वाटणी धरून ठेवा. शेवटचा दीड हजार सगळ्यात आधी बाजूला काढा, कारण घासाघीस करताना पहिला बळी त्याचाच जातो. "साडेचौदा हजारवाली जरा भारी आहे, तीच घेऊ," असं म्हणून घरी आणलेली भारी गिटार सेटअपविना पडून राहते, आणि तिच्यापेक्षा सेटअप केलेली स्वस्त गिटार कितीतरी बरी वाजते.

थांबा: "गिटार, ऍम्प, बॅग, केबल, सगळं ७ हजारांत" असे संच दिसतील. त्यातला ऍम्प खेळण्यातला आणि खुंट्या दर दहा मिनिटांनी सैल पडणाऱ्या असण्याची शक्यता फार. हातात १० हजारच असतील तर नवा संच घेण्यापेक्षा जुनी पण नावाजलेली गिटार आणि हेडफोन ऍम्प घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

## २. नावाचा घोळ सोडवून घ्या

तालुक्याच्या गावी "इलेक्ट्रिक गिटार दाखवा" म्हटलं की पुष्कळदा पोकळ पेटीची, बाजूला बटणांची पट्टी असलेली गिटार समोर येते. ती अकूस्टिक आहे, आत फक्त पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडून ऍम्पकडे पाठवणारा भाग, बसवलेला आहे. आपल्याकडे तिला सर्रास 'सेमी-अकूस्टिक' म्हणतात. वाईट वस्तू नाही, पण तुम्हाला हवी ती ही नव्हे. तिच्या तारा जाड असतात, आणि मोठ्या आवाजात ती शिट्ट्या मारायला लागते.

इलेक्ट्रिक गिटारचं अंग भरीव लाकडाचं, जाडी साधारण दोन बोटं. मधे गोल भोक नाही. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं गुंडाळं असलेले पिकअप दिसतात. वायर न लावता छेडली तर आवाज डासाएवढा. तसाच असायला हवा.

डावखुरे असाल तर आत्ताच ठरवा. डाव्या हाताच्या गिटारी कमी मिळतात, या पैशांत तर फारच कमी. मी सरळ उजव्या हाताची घेऊन शिकायला सांगतो, पण हा माझा हट्ट आहे, नियम नाही.

## ३. ब्रिज आणि पिकअप ठरवा, रंग शेवटी

तारा खालच्या बाजूला जिथे अडकतात तो ब्रिज. तो तीन प्रकारचा असतो.

स्थिर ब्रिज हलत नाही. सूर टिकतो, तार बदलणं सोपं. पहिल्या गिटारीला माझं मत याला.

ट्रेमोलो ब्रिजला स्वर हलवायची दांडी असते, मागे स्प्रिंगा. यामाहाची पॅसिफिका ०१२ किंवा स्क्वायरच्या स्ट्रॅट (दोन शिंगांच्या) आकाराच्या बहुतेक गिटारींना असाच असतो. चालतो, पण पहिले सहा महिने दांडी काढून कपाटात ठेवा.

तिसरा फ्लॉइड रोज पद्धतीचा कुलुपबंद ब्रिज. दिसायला रुबाबदार, आणि स्वस्तातला असेल तर डोक्याला ताप. यावलकडचा एक मुलगा अशी गिटार घेऊन आला होता. पहिल्याच आठवड्यात एक तार तुटली. तो ब्रिज तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर उभा असतो. एक तार गेली की तोल जातो आणि उरलेल्या पाचही बेसूर होतात. वर नटापाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे, कुलपं, ती उघडायला षट्कोनी पान्हा, आणि पान्हा घरी. तास संपेपर्यंत आम्ही दोघं स्प्रिंगाच बघत बसलो. पहिल्या गिटारीला हा ब्रिज नको म्हणजे नको.

पिकअप दोन प्रकारचे. अरुंद पट्टीचा सिंगल कॉइल: आवाज स्वच्छ, टणत्कार चांगला, पण ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर जवळ असला की गुणगुणतो. रुंद, दोन पट्ट्यांचा हंबकर: आवाज जाड, गुणगुण कमी, डिस्टॉर्शनला, म्हणजे रॉकमधल्या खरखरीत आवाजाला, योग्य. काय वाजवणार ते नक्की नसेल तर ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी मांडणी घ्या. पॅसिफिका ०१२ मध्ये हीच असते, इतर कंपन्यांच्या सुरुवातीच्या गिटारींतही सापडते. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, भावगीत, रॉक, सगळं त्यात निभतं.

नावं हवी असतील तर यामाहा, आयबानेझची जिओ मालिका, कॉर्ट, स्क्वायर. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड, तसा एपिफोन हा गिब्सनचा. या पैशांत यांतल्या काही नव्या मिळतील, काही जुन्याच. नावापेक्षा हातात आलेला नग महत्त्वाचा.

## ४. कुठून घ्यायची

जळगाव, धुळे, भुसावळला वाद्यांची दुकानं आहेत, पण हार्मोनियम-तबला-ढोलकीच्या गर्दीत इलेक्ट्रिक गिटारी दोन-तीन टांगलेल्या. दोनातून एक निवडणं म्हणजे निवड नव्हे. तरी आधी तिथे जा, हात लावून बघा, भाव विचारा. पुढे तार तुटली की हाच दुकानदार उपयोगी पडणार आहे.

धुळेकरांना नाशिक सोयीचं, नंदुरबारकरांना सुरत. जळगाव-भुसावळकरांना रात्रीची गाडी पकडून सकाळी सीएसएमटीला उतरता येतं. तिथून धोबीतलाव पायी जवळ, फुर्टाडोजसारख्या दुकानात दहा-बारा गिटारी एका दिवसात हातात घेता येतात. जाण्यायेण्याचा खर्च हिशेबात धरा, आणि दुकान उघडण्याची वेळ आधी फोनवर विचारा.

तपासा: पक्कं बिल, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि अनुक्रमांक. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला गेलात तर दुकानदार ओळखही दाखवणार नाही.

## ५. दुकानात: आधी वायर न लावता

लोक इथेच चुकतात. दुकानदार गिटार मोठ्या ऍम्पला लावतो, इफेक्ट चढवतो, स्वतः दोन फर्ड्या ताना घेतो, आणि आपण खिशात हात घालतो. इफेक्टखाली सगळे दोष झाकले जातात. म्हणून पहिली पंधरा मिनिटं वायर नाही. "दादा, आधी नुसती बघतो," एवढं म्हणायचं. वाजवता येत नसलं तरी खालचं सगळं करता येतं.

सोबत क्लिपवाला ट्यूनर, एक व्हिजिटिंग कार्ड आणि स्टीलची छोटी पट्टी न्या. पट्टीचं शून्य अगदी टोकापासून सुरू झालेलं हवं. कंपासपेटीतल्या काही पट्ट्यांना आधी थोडी कोरी जागा असते, तिथे माप चुकतं.

मान सरळ आहे का. सुतार फळी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघतो, तशी गिटार धरा. डोक्याच्या बाजूने ब्रिजकडे बघा. दोन्ही कडा एकसारख्या दिसल्या पाहिजेत. एक कड सरळ आणि दुसरी पिळल्यासारखी दिसली तर मान पिळलेली आहे. ती दुरुस्त होत नाही म्हणून धरून चाला. गिटार परत ठेवा, कितीही सूट देऊ देत.

किती वाक आहे. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने दाबा. त्याच वेळी उजव्या हाताने तीच तार मान जिथे अंगाला जुळते त्या फ्रेटवर दाबा. ताणलेली तार आता तुमची सरळ रेघ झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात बघा. केसाएवढी फट हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. तार पूर्ण टेकलेली असेल किंवा दोन-तीन कार्डं सहज जात असतील तर मानेतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवावी लागेल. हा दोष सुधारण्यासारखा आहे. दुकानात करून द्यायला सांगा, आणि तुमच्यासमोर करायला सांगा. सळई अडकली असेल तर तिथेच कळेल.

तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत जाड तारेला साधारण २ मिलिमीटर, बारीक तारेला दीड. ३ च्या वर असेल आणि ब्रिजचे स्क्रू आधीच तळाला गेलेले असतील तर सोडून द्या.

प्रत्येक फ्रेट. २२ फ्रेट गुणिले ६ तारा, म्हणजे १३२ जागा. एकेक दाबा, एकेक छेडा. पाच-सात मिनिटं लागतात, दुकानदार जांभया देईल, देऊ द्या. कुठे झर्रझर्र आवाज येतो, कुठे स्वर लगेच मरतो, ते टिपा. मग बारीक दोन तारा बारा ते पंधरा फ्रेटांच्या दरम्यान वर ताणून बघा. ताणताना आवाज गुदमरला तर पुढचा एखादा फ्रेट उंच बसला आहे.

फ्रेटची टोकं. मानेच्या दोन्ही कडांवरून बोट हळू फिरवा. करवतीसारखं टोचतं का? कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. आपल्याकडे खरेदी होते दिवाळीनंतर, नेमकी हवा कोरडी पडायला लागते तेव्हा, आणि पुढे उन्हाळा. दुकानात थोडं टोचलं तर एप्रिलमध्ये बोट कापेल. किरकोळ असेल तर कानस मारून घेता येतं, पण तो खर्च भावातून कापून घ्या.

सूर टिकतो का. सहाही तारा ट्यूनरवर लावा, जाडीकडून बारीककडे: ई, ए, डी, जी, बी, ई. प्रत्येक तार दोन-तीनदा जोरात ताणा, पुन्हा ट्यूनर बघा. नव्या तारा थोड्या उतरतातच. परत लावा, परत ताणा. तिसऱ्या वेळीही उतरत असेल तर खुंट्या किंवा नट खराब. खुंटी पिळताना नटापाशी "टिक्" आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं की बहुधा जातं.

बाराव्या फ्रेटचा स्वर. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, घंटेसारखा स्वर येईल. मग तिथेच दाबून छेडा. ट्यूनरवर दोन्ही एकच दिसले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर ती तार ब्रिजवरच्या ज्या तुकड्यावर टेकते तो तुकडा मागे न्यायचा, उतरलेला असेल तर पुढे. स्क्रू फिरायला जागा आहे एवढं बघा. यावरून गिटार नाकारू नका.

शेवटी पट्टा लावून दहा मिनिटं उभे राहा. तीन-साडेतीन किलो ठीक, चारच्या वर खांदा बोलायला लागतो. हात सोडल्यावर मान जमिनीकडे झुकते का, तेही तेव्हाच कळतं.

## ६. आता वायर लावा

ऍम्पवर सगळे इफेक्ट बंद. आवाज मध्यम.

पिकअपचा स्विच एकेका जागी न्या आणि प्रत्येक जागी एक तार छेडा. प्रत्येक ठिकाणी आवाज आला पाहिजे, थोडा वेगळा आला पाहिजे. व्हॉल्यूम आणि टोनची बटणं पूर्ण फिरवा. खर्रखर्र झाली तर नव्या गिटारीत ती खपवून घेऊ नका. केबलचं टोक खोबणीत असताना हळूच हलवा, आवाज तुटायला नको.

गुणगुण येत असेल तर तारांना हात लावा. कमी झाली तर सगळं ठीक. हात लावल्यावर वाढली तर गिटारीच्या आतलं किंवा दुकानातलं अर्थिंग गडबड आहे. दुसऱ्या ऍम्पवर, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा.

थांबा, हे महत्त्वाचं: गिटारीच्या तारा केबलमधून ऍम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग नसेल तर तुम्ही त्या तारा हातात धरून बसलेले असता. जुन्या वाड्यात, मळ्यातल्या घरात, मांडवात जनरेटरवर हा धोका खरा आहे. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात बसत नाही म्हणून अर्थची पिन मोडू नका. ऍम्प येण्याआधी वायरमनला बोलावून एक सॉकेट तपासून घ्या.

ऍम्प घरासाठी १० वॉटचा पुष्कळ झाला. हेडफोनची खोबण हवीच, घरच्यांसाठी. विजेचा भरवसा नसेल तर थेट गिटारीत खोचायचा, चार्जिंगवर चालणारा छोटा हेडफोन ऍम्प घ्या. हेडफोन वायरवालेच. साधे ब्लूटूथ लावलेत तर छेडल्यानंतर आवाज मागून येतो आणि ताल शिकताच येत नाही.

लाऊडस्पीकरच्या ऍम्पला माइकच्या जागी गिटार लावायचा मोह होईल. आवाज येतो, पण गोधडीत गुंडाळल्यासारखा, कारण माइकची जागा गिटारीच्या पिकअपसाठी बनलेली नसते. केबल मात्र साऊंडवाल्यांकडचीच चालते. ते तिला पी-३८ जॅक म्हणतात, जाडी ६.३५ मिलिमीटर. गल्लीत बँजो पार्टीवाला कुणी ओळखीचा असेल तर त्याला चहा पाजा. केबलला डाग मारणं, सैल खोबण घट्ट करणं यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

## ७. ऑनलाइन मागवली तर

मागवण्याआधी परत करण्याची मुदत वाचा, आणि पार्सल येईल त्या दिवशी घरी असा. मुदतीतले चार दिवस "मामा आला की उघडू" यात घालवू नका.

मे महिन्यात खोकं तापलेल्या गाडीतून येतं. घरात आणून तीन-चार तास तसंच ठेवा, मग उघडा. उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच व्हिडिओ, मधे न थांबवता. पहिली नजर डोकं आणि मान जुळते तिथे. तिथला केसाएवढा तडाही चालत नाही. मग पाचव्या पायरीतलं सगळं, त्याच क्रमाने, त्याच दिवशी. मुदत संपेपर्यंत खोकं माळ्यावर टाकू नका.

नामांकित कंपनीची गिटार निम्म्या भावात दिसली तर ती नक्कल समजा. विक्रेता कोण आहे ते कंपनीच्या अधिकृत यादीशी ताडून बघा.

## ८. जुनी घेत असाल तर

जळगाव, धुळे, शिरपूरकडे होस्टेलवर राहणारी शेवटच्या वर्षाची मुलं मे-जूनमध्ये सामान आवरताना गिटारी विकतात. चांगला माल सापडतो, कारण पुष्कळ गिटारी दोन महिने वाजून कोपऱ्यात गेलेल्या असतात.

जास्तीचं बघायचं ते एवढंच: पहिल्या चार फ्रेटांवर तारांनी खोल चर पाडले आहेत का, ट्रस रॉडचं तोंड झिजून गोल झालंय का, मागचं झाकण उघडल्यावर आत चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी आहेत का. नव्याच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करा. बिल मागा. बिल नसेल तर निदान विकणाऱ्याचा तिच्यासोबतचा जुना फोटो बघा, चोरीचा माल गळ्यात नको.

## ९. पहिल्या आठवड्यात सेटअप

बाजूला काढलेला दीड हजार इथे लागतो. नव्या तारा ९-४२ जाडीच्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) घ्या, बोटांना हलक्या जातात. सेटअप करणाऱ्याकडून करून घ्यायचं ते याच क्रमाने: तारा, मग मानेचा वाक, मग उंची, मग बाराव्या फ्रेटचा स्वर. उलट केलं तर आधीचं सगळं बिघडतं.

ट्रस रॉड पहिल्यांदा स्वतः फिरवू नका. बघून शिका. पुढे फिरवायची वेळ आली तर एका दिवसात पाव फेऱ्याच्या वर नाही.

## १०. ऊन, कूलर आणि खोबरेल

४४-४५ अंशांच्या दुपारी बंद गाडीत गिटार ठेवली तर मान वाकते, डिंक सुटतो. एसटीत डिकीत नाही, मांडीशी. मोटरसायकलवर पाठीला लावून नेताना मानेचं टोक डोक्याच्या वर येतं, फाटकातून, फांदीखालून जाताना आठवण ठेवा.

उन्हाळ्यात खरा उपद्रव कूलरचा. दिवसभर हवा खडखडीत कोरडी, रात्री कूलरचा ओला झोत. लाकूड रोज आकसतं, रोज फुगतं, तारा आठवड्यात काळ्या पडतात. गिटार कूलरसमोरच्या भिंतीला टांगू नका. पिशवीत घालून, ऊन न लागणाऱ्या आतल्या भिंतीशी उभी ठेवा.

फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली मानेवरची लाकडी पट्टी, पांढुरका, कोरडा दिसला म्हणून खोबरेल चोळू नका. ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि तारा लवकर जातात. गिटारीसाठीचं तेल दोन थेंब, वर्षातून दोनदा, तेही गडद लाकडाला. फिक्या, चकचकीत मेपलला काहीच लावायचं नाही, कोरडं फडकं पुरे. आणि ट्रेमोलो ब्रिज असेल तर पुसायला म्हणून सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, तिच्या जागी नवी लावा, मग दुसरी.